काचेआडचं ऊन

त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्याचा खालचा जबडा माझ्या अंगठ्याखाली दबला. ओला पुठ्ठा दबतो तसा. मी घाबरून हात सैल केला. हाड इतकं मऊ असू शकतं हे मी वाचलेलं होतं, मुलांना शिकवलेलंही होतं, पण बोटाला ते पहिल्यांदाच कळलं.

जूनचा शेवटचा आठवडा होता. साताऱ्यात झड बसली होती. अजिंक्यतारा तीन दिवस दिसलाच नव्हता, गल्लीतल्या गटारी भरून वाहत होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकू छत्री मिटत दारात आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सायन्स शिकवता ना? आमच्या पोराचा तो सरडा दोन दिवस हलत नाहीये. मला बघवत नाही हो."

त्यांच्या गॅलरीत जुनी माशांची टाकी होती. तळाला वर्तमानपत्र, त्यावर वाळलेला कोबी आणि पोळीचा कुस्करा. आणि एका कोपऱ्यात तो. हिरवा इग्वाना. नावापुरताच हिरवा, कारण रंग मातकट, पायवाटेवरच्या चिखलाचा. शेपटीसकट लांबी दोन फुटांच्या आसपास. पाठीचा कणा मध्येच उचललेला, मागचे दोन्ही पाय चिंध्यांसारखे मागे पडलेले. डाव्या पायाच्या दोन बोटांवर जुनी कात कडं होऊन आवळली होती आणि त्यापुढची बोटं काळी पडून वाळली होती. पुढच्या पंजाची बोटं मात्र हलत होती. थरथरत होती, आपोआप, तारेवर वारा लागावा तशी.

काकू म्हणाल्या, "पण मांड्या बघा की कशा गुबगुबीत आहेत. खायला कमी नाही पडू दिलं मी."

हे त्या खरंच सांगत होत्या. मुलगा बारावीत असताना त्याने हट्ट केला म्हणून पुण्यातल्या एका दुकानातून आणलेलं हे पिल्लू तेव्हा तळहातावर मावत होतं. पोपटी, चपळ. घरात येईल त्याला दाखवायचे, फोटो काढायचे. दुकानदाराने सांगितलं होतं, काहीही खातो, त्रास नाही. मग मुलगा इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेला, टाकी हॉलमधून गॅलरीत आली आणि त्याचं सगळं काकूंवर पडलं. त्या रोज सकाळी त्याला कोबी घालायच्या, भिजवलेले हरभरे घालायच्या, ताकद यावी म्हणून एक दिवसाआड उकडलेलं अंडं. "आणि ऊन तर चुकवलं नाही हो एक दिवस," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी टाकी उन्हात सरकवत होते."

टाकी. काचेची. वर प्लायचं झाकण.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? साध्या काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण अतिनील किरणांतला जो पट्टा या प्राण्याला हवा असतो, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा, तो जवळजवळ सगळा काचेतच अडतो. त्या पट्ट्याने कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते. मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाच्या रूपात आणतात, आणि ते असेल तरच आतडं अन्नातलं कॅल्शियम उचलतं. ते नसेल तर कितीही खाऊ घाला, कॅल्शियम आलं तसं जातं. मग शरीर काय करतं? हृदय चालायला कॅल्शियम लागतं, स्नायू हलायला लागतं. म्हणून ते हाडांतून काढून घेतं. घर चालवायला घराच्याच तुळया काढून चुलीत घालाव्यात तसं. पोकळ झालेल्या हाडाभोवती शरीर तंतुमय ऊती भरत जातं, आणि म्हणून मांडी गुबगुबीत दिसते. काकूंना जे बाळसं वाटत होतं तो आजार होता.

दीड वर्षापूर्वी संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले होते तेव्हा मी ही टाकी पाहिली होती. झाकण पाहिलं होतं, कोबी पाहिला होता. दुसऱ्याच्या घरात कशाला बोलायचं म्हणून गप्प बसले आणि चहा पिऊन आले. त्यामुळे दोष देताना माझं बोट काकूंकडे वळत नाही. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी निदान रोज खाऊ घातलं. मला माहीत होतं.

भाकरीच्या टोपलीत जुनं धोतर घालून मी त्याला घरी आणलं.

रात्री ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, कराडला असते. तिला सगळं सांगितलं, हाडं मऊ झालीत, पाय वाकलेत, ऊन मिळालं नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मुडदूसच की गं."

हा शब्द आमच्या घरात सहज निघत नाही. ताईला लहानपणी मुडदूस झाला होता. आमचं घर तेव्हा साताऱ्याच्याच शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या बाजूला, दोन खोल्या, दोन्ही अंधाऱ्या. दिवसा दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता यायचे नाहीत. ताई दोन वर्षांची झाली तरी उभी राहीना. राहिली तेव्हा पाय धनुष्यासारखे. डॉक्टरांनी कॉड लिव्हर ऑइल दिलं, ज्याच्या वासाने ताई अजूनही तोंड फिरवते. पण आजीचा भर वेगळ्या गोष्टीवर होता. सकाळची कामं टाकून ती ताईला घेऊन पुढच्या चौकात यायची, जिथे तासभर ऊन उतरायचं. ते ऊन वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचं होतं, पापडही तिथेच वाळायचे. आजी तिथे पाय पसरून बसायची, ताईला पायांवर आडवी घ्यायची आणि तेल चोळायची. ऊन सरकेल तशी आजीही सरकायची. मी तेव्हा जन्मलेलेही नव्हते, पण हे इतक्या वेळा ऐकलंय की ते चौकातलं चौकोनी ऊन मला आठवतं असं वाटतं.

ताई वाचली, चालली, शिकली, नोकरी केली. पाय मात्र पूर्ण सरळ झाले नाहीत. ती चालताना जराशी डुलते. साडीत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला पाहून सरळ सांगितलं, "मी गाई-म्हशी बघतो, कुत्री बघतो. याचं मला कळत नाही. मी अंदाजाने औषध देणार नाही." त्यांच्या त्या सांगण्याचं मोल मला नंतर कळलं. त्यांनीच फोन करून पुण्यातल्या एका डॉक्टरांचा पत्ता काढून दिला, जे फक्त असले वेगळे प्राणी बघतात.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली. टोपलीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी, तिच्या शेजारी तो, आणि टोपली माझ्या मांडीवर. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा अंधारात त्याने डोकं वर केलं. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट, गोल खवला असतो. तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली कळते. बोगद्यातून बाहेर आल्यावर पावसाळी, करडा उजेड पडला आणि त्याने डोकं परत खाली टेकलं. तेवढीच त्याची हालचाल, साताऱ्यापासून पुण्यापर्यंत.

एक्स-रे मी आयुष्यात बरेच पाहिलेत. हाडं पांढरी, मांस करडं. या एक्स-रेमध्ये सगळंच करडं होतं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा मांडीचं हाड कुठे सुरू होतं ते कळलं, आणि ते दोन ठिकाणी मोडून आपोआप वेडंवाकडं सांधलेलं होतं. म्हणजे कधीतरी ते मोडलं होतं. टाकीत, वर्तमानपत्रावर. तो ओरडला नसणार, कारण त्याला ओरडता येत नाही.

डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, तोंडाने द्यायचं कॅल्शियम दिलं, पाणी कमी झालं होतं म्हणून कातडीखाली सलाईन दिलं. मांडीच्या आतल्या बाजूची छिद्रांची रांग दाखवून तो नर असल्याचं सांगितलं. वय तीनच्या आसपास, वजन ३४० ग्रॅम. या वयाला चांगला वाढलेला इग्वाना किलोच्या पुढे असतो. "जगेल का?" मी विचारलं. ते म्हणाले, "मूत्रपिंडं किती शाबूत आहेत त्यावर आहे. अंडी आणि हरभरे बंद. हा झाडपाल्यावर जगणारा प्राणी आहे. आणि मॅडम, घाई करू नका. याचं शरीर तुमच्या घड्याळावर चालत नाही."

घरी आल्यावर जुनं लाकडी फडताळ आडवं केलं. सुताराने काच काढून बारीक जाळी बसवली. उंची मुद्दाम कमी ठेवली, कारण एरवी झाडावर राहणारा हा प्राणी वर चढायला जाणार आणि पडला तर पुन्हा हाड मोडणार. अतिनील किरणांचा खास दिवा कुरिअरने मागवला. तो जाळीपासून किती अंतरावर टांगायचा ते पट्टीने मोजलं, फार जवळ गेला तर डोळे भाजतात, लांब गेला तर उपयोग शून्य. या दिव्याची एक गंमत नाही म्हणणार, फसवणूकच आहे ती: वर्षभरात त्यातले ते किरण संपत येतात, पण दिवा दिसायला तसाच लख्ख जळत राहतो. म्हणून त्यावर लावल्याची तारीख लिहून चिकटवावी लागते.

दुसरा दिवा उष्णतेसाठी. माणसाच्या पोटातली भट्टी आतून पेटते, याची बाहेरून पेटवावी लागते. एका टोकाला ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २७, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येईल. अंग तेवढं तापलं नाही तर आतड्यातले जिवाणू काम करत नाहीत आणि खाल्लेला पाला पोटात तसाच सडतो. जुलैमध्ये आमच्याकडे दिवसाही हवा गार असते आणि भिंतींना ओल सुटलेली असते. त्यात लाईट जाते. पहिल्या महिन्यात रात्री-अपरात्री लाईट गेली की मी अंधारात उठून गॅसवर पाणी ठेवायचे. गरम पाण्याची पिशवी, त्यावर टॉवेल, त्यावर तो. यजमान एकदा म्हणाले, "आपल्या पोरांसाठी एवढं उठली नव्हतीस." त्यांना लागलं असेल असं वाटून मी वर पाहिलं, तर ते स्वतःच हातात बॅटरी धरून उभे होते.

खाण्याचा प्रश्न आमच्या दूधवाल्याने सोडवला. तो लिंब गावाच्या बाजूने येतो, घरी चार म्हशी. त्याने फडताळात डोकावून पाहिलं, मी सांगितलं ते ऐकलं आणि म्हणाला, "कॅल्शियम कमी पडलंय होय? मग व्यायलेली म्हैस बसते तसंच की हे." अगदी तसंच. व्यायल्यावर दुधात सगळं कॅल्शियम निघून जातं, म्हैस खाली बसते, उठत नाही, आणि शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली की काही वेळात उभी राहते. आपल्याकडच्या प्रत्येक गोठ्याने हे पाहिलंय. मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते, आणि आजाराचं नाव एकदाही न ऐकता तो माणूस त्याच्या मुळाशी अर्ध्या मिनिटात पोचला. दुसऱ्या दिवसापासून दुधाबरोबर मूठभर लसूणघास येऊ लागली. लसूणघासेत कॅल्शियम भरपूर. त्याच्या जोडीला शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची फुलं, किसलेला लाल भोपळा, कधी पिकल्या अंजिराची फोड. पालक आणि चाकवत वर्ज्य, कारण त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, शोषू देत नाही.

पण त्याला चावता येत नव्हतं. जबडाच मऊ. पहिले एकोणीस दिवस मी पाला वाटून, गाळून, सुई काढलेल्या सिरिंजने ओठाच्या कडेला एक-एक थेंब लावला. तोंड उघडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, जबडा मोडेल. थेंब ओठावर ठेवायचा आणि थांबायचं. कधी पाच मिनिटांनी जीभ बाहेर यायची. कधी यायचीच नाही, हिरवा ओघळ हनुवटीवरून खाली यायचा आणि मी तो पुसायचे. एक सिरिंज संपायला पाऊण तास. शाळेत जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. रोज कोमट पाण्याच्या पाटीत पंधरा मिनिटं. पाण्यात तो पाणी पीत असे, आणि सातव्या दिवशी पाण्यातच त्याने शी केली. मी यजमानांना हाक मारून दाखवली. ज्याने घरात लहान मूल किंवा आजारी माणूस सांभाळलंय त्याला हा आनंद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

बोटांची थरथर आधी थांबली, दहाव्या दिवशी.

एका सकाळी तो जोरात शिंकला आणि फळीवर पांढरे कण उडाले. मला वाटलं निमोनिया. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मीठ आहे ते, जादाचं मीठ हे प्राणी नाकातून टाकतात, शिंक ऐकू आली म्हणजे बरं आहे. मग रोज त्या शिंकेची वाट पाहायची सवयच लागली.

माझी एक समजूत मात्र त्यांनी मोडली. मी जवळ बसले की तो माझ्या बाजूचा एकच डोळा मिटायचा. मला वाटायचं, विश्वास बसला, निर्धास्त झाला. मी अभिमानाने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "नाही. तो तुम्हाला टाळतोय. तुम्ही नसल्यासारखं करतोय." त्या रात्री मला वाईट वाटलं. कुत्रा असता तर एव्हाना त्याने शेपूट हलवली असती, मांजर असती तर कुशीत आली असती. मी किती केलं ते कुणीतरी पाहावं असं मला वाटत होतं, आणि ज्याच्यासाठी केलं तो डोळा मिटून घेत होता. पण त्याच्या बाजूने पाहिलं तर मी कोण? दिवसातून दोनदा येणारा प्रचंड हात. मग मी एक केलं. हात वरून न नेता बाजूने, खालून न्यायला लागले. त्याच्या तिसऱ्या डोळ्यावर सावली पडू नये म्हणून. त्याच्या रक्तात वरून येणारी सावली म्हणजे ससाणा.

हे मला सुचलं चाळकेवाडीमुळे. दरवर्षी एप्रिलमध्ये मी नववीच्या मुलांना चाळकेवाडीच्या पठारावर नेते. पवनचक्क्यांखाली, तापलेल्या कातळावर तिथे एक सरडा दिसतो. नर गळ्याखालचा पंखा उघडतो तेव्हा निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग एकदम उलगडतात, आणि एरवी मोबाईलमधून डोकं न काढणारी मुलं श्वास रोखून बसतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ही स्वतंत्र प्रजाती असल्याचं दाखवलं, आणि तिच्या जीनसचं, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचं, शास्त्रीय नाव ठेवलं 'सराडा', आपल्या 'सरडा' या शब्दावरून. जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांना आता हा मराठी शब्द लिहावा लागतो. ही जात शोधली गेली ती याच पठारावर. पुढे २०१८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त, आणि त्यांच्या अंगातली धास्तीही कमी. माणूस खूप जवळ येईपर्यंत ते पळत नाहीत. आकाशातून सावली पडेनाशी झाली की सरड्याचा स्वभाव बदलतो.

मला त्या दुकानातल्या पेट्यांचा राग येतो तो इथे. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या नदीकाठच्या झाडांवर राहणारा प्राणी, जो पूर्ण वाढला तर दीड मीटरच्या पुढे जातो, पंधरा-वीस वर्षं जगतो, तो 'त्रास नाही, काहीही खातो' असं सांगून अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायचा. आणि ज्या सरड्याला आपल्या भाषेचं नाव मिळालं तो पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, फुकट, मोकळा, त्याला बघायला कुणी जात नाही.

शेजारचे सल्ले देत होते. एक जण म्हणाले कासच्या जंगलात सोडून द्या. दुसरे म्हणाले अजिंक्यताऱ्यावर सोडा, मोकळा राहील. मायेनेच म्हणत होते. पण थंडीत तो तिथे मेला असता. फ्लोरिडातसुद्धा थंडीची लाट आली की इग्वाना गारठून झाडावरून टपाटप खाली पडतात. आणि न मरता तगला, वाढला तर अधिक वाईट. फ्लोरिडात, पोर्टो रिकोत, तैवानमध्ये सोडून दिलेल्या इग्वानांनी आता उच्छाद मांडलाय. काकूंच्या मुलाने त्याची नोंद केलेली नव्हती. २०२२ मध्ये वन्यजीव कायदा सुधारला, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. ते सगळं आम्ही बसून केलं, मुलगा सुट्टीला आला तेव्हा. मालक म्हणून आता माझं नाव आहे. मुलगा फडताळासमोर बराच वेळ उकिडवा बसून होता. "मी होस्टेलवरून रोज विचारायचो, आई म्हणायची बरा आहे," एवढंच म्हणाला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराने डोळे टिपत. मी दोघांनाही चहा दिला.

श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला आणि मी पहिल्यांदा त्याला गच्चीवर नेलं, जाळीच्या पेटीत, अर्धी पेटी सावलीत ठेवून. पाच मिनिटं ऊन, मग सर, मग धावत खाली. दिवसातून चार-चार वेळा जिने चढले-उतरले. ऑक्टोबरमध्ये जेव्हा बाकीचे सगळे उकाड्याला कंटाळले होते, तेव्हा मला ते ऊन संपू नये असं वाटत होतं. दिवा म्हणजे सलाईन आणि ऊन म्हणजे जेवण, इतका फरक त्या महिन्यात पडला. मानेपासून हिरवा रंग उतरू लागला. त्याने जास्वंदीचं अख्खं फूल स्वतः तोडून खाल्लं. जबडा कडक झाला, पण आखूडच राहिला. खालचे दात वरच्यांना जुळत नाहीत. काळी पडलेली बोटं गळून गेली. दिवाळीत ४१० ग्रॅम.

ताई दिवाळीला आली तेव्हा तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं. तिला पालींची किळस, म्हणून लांब उभी होती. तिला मागचे पाय दिसले. फळीवरून तो सरकताना मागचा भाग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुलत होता. ताई पुढे आली, वाकली, आणि म्हणाली, "याचं नाव काय ठेवलंस?" मी अजून नाव ठेवलंच नव्हतं. काकूंकडे तो 'ड्रॅगन' होता, ते माझ्या तोंडात बसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आधी जगू दे, मग नाव, असं मनात होतं. "राघू म्हण," ताई म्हणाली. "हिरवा होतोय की."

थंडीचे दोन महिने पुन्हा दिव्यावर गेले. डिसेंबरात साताऱ्याला पहाटे १२ अंशांवर पारा उतरतो. फडताळाच्या तिन्ही बाजूंनी गोधडी, वर उष्णतेचा दिवा, आणि पहाटे चारला उठून तापमान बघणं. जानेवारीत एकदा तो चार दिवस जेवला नाही आणि मी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबले. पाचव्या दिवशी खाल्लं. का थांबला होता आणि का सुरू झाला, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. नवा एक्स-रे काढला त्यात हाडं पांढरी दिसत होती. वाकडी, पण पांढरी. डॉक्टर म्हणाले, वाकलेलं सरळ होणार नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे मला.

रथसप्तमी होऊन चार दिवस झाले होते. ताई गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायला आली होती; लहानपणी वाकलेल्या पायांवर साठ वर्षं चालून गुडघे आता झिजलेत, ऑपरेशन सांगितलंय. वाडा केव्हाच पाडला, त्याच जागेवर आमचं अपार्टमेंट आहे, आणि जिथे चौक होता त्याच्या वर कुठेतरी, तीन मजल्यांवर, आता गच्ची आहे. दहाच्या सुमाराला आम्ही तिघं वर गेलो. राघूचं वजन सकाळीच केलं होतं, ५६० ग्रॅम. त्याची जाळी मी आता काढते आणि शेजारी बसून राहते. एक जाडसर, गाठाळ पेरूची फांदी कठड्याला तिरकी टेकवून ठेवली आहे, कमरेएवढी.

तो फांदीखाली बराच वेळ थांबला. मग पुढचे पंजे रोवले, शरीर वर ओढलं. मागचा डावा पाय सटकला. ताईने माझा दंड धरला. त्याने पाय पुन्हा टाकला, राहिलेल्या तीन बोटांनी साल पकडली आणि वर गेला. वर पोचल्यावर पोट फांदीवर पसरलं, गळ्याखालची पोळी ताणून उन्हाला समोर केली आणि पुढचे दोन्ही हात मागे, अंगालगत लांब सोडून दिले, पंजे उलटे. अशा स्थितीत इग्वानाला पटकन पळता येत नाही. ज्या घरात सात महिने काढले तिथे तो असा पहिल्यांदा पडला होता. आमच्या बाजूचा डोळा उघडा होता.

ताईने सतरंजीवर बसून साडी गुडघ्यापर्यंत सारली आणि पाय उन्हात लांब केले. तिचे पाय असे उघडे मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. थोड्या वेळाने, त्याच्याकडे बघतच, ती म्हणाली, "खाली जाशील तेव्हा तेलाची वाटी आण गं. कोमट करून आण."